अण्णांची पिकअप: शेडमधल्या नोंदी

३ एप्रिल

आमचे ड्रायव्हर अण्णा, त्यांच्या मुलीचं लग्न, आठ दिवस सुट्टी. बदली ड्रायव्हर दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी फोन बंद. मोहोळच्या पार्टीचे दोन गेट आणि आठ ग्रिल तयार होऊन पडलेले, म्हणून शेवटी किल्ली मीच उचलली. पिकअप २०१६ ची. तिचे हप्ते मी भरलेत, टायर मी आणलेत, पासिंगच्या रांगेत मीच उभा राहिलोय. दिवसभर चालवली मात्र आज पहिल्यांदा.

सावळेश्वर टोलच्या अलीकडे पाण्याची बाटली सीटवरून घरंगळली ती थेट ब्रेकच्या पेडलखाली. पुढे कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर. पायानं ढकलायला गेलो तर ती आणखी आत. गिअर पाडत पाडत गाडी कडेला घेतली, वाकून बाटली काढली आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

संध्याकाळी लग्नघरी फोन केला. अण्णा म्हणाले, "बाटली दाराच्या कडीला सुतळीनं बांधलेली असती बगा. बदलीवाल्यानं सोडली असंल."

म्हणजे इतकी वर्षं तिथे सुतळी होती, आणि मला ती कधी दिसली नाही.

४ एप्रिल

कालच्या एका फेरीत खटकलेल्या गोष्टी, आठवतील तशा: फोन ठेवायला जागा नाही, मांडीवरून तो दोनदा पडला. बिलं ऊन-झडपेत खोचली होती, खिडकी उघडल्यावर एक उडून गेलं. पाठीचा शर्ट पिळून निघेल इतका घाम. हौद्यात चढायला टायरवर पाय ठेवावा लागतो आणि टायर तापलेला. अंधारात माल मोजताना मोबाइल दातात धरला.

पैशांचा हिशेब बघणाऱ्या अप्पांना म्हटलं, गाडीत थोड्या सोयी करून घेऊ, शेड आपलीच आहे, वेल्डिंग आपलंच आहे. ते म्हणाले, "गाडी माल न्यायला घेतलीय, संसार थाटायला नाही."

पाच हजारांवर बोलणं थांबलं. त्यातले दोन मी माझे घालायचे.

८ एप्रिल

रात्री मार्केट यार्डात गेलो. आमच्या बोरामणी नाक्याच्या शेडपासून फार लांब नाही. कांद्याचा ऐन हंगाम ओसरलाय, तरी सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारात पिकअप आणि छोट्या हत्तींची रांग होतीच. वही घेऊन फिरलो. पहिल्या दोघांना वाटलं मी आरटीओचा माणूस आहे. वही खिशात टाकली, चहा मागवला, मग बोलणं सुरू झालं.

"गाडीत काय असायला पाहिजे होतं?" असं विचारलं की पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच, "एसी." दुसऱ्या चहाला खरी उत्तरं येतात. उत्तर सोलापूरहून आलेला एक: "झोपायला पाय लांब करता आले पाहिजेत, बास." दुसरा: "माल किती भरला ते कळाया पाहिजे ओ. व्यापारी म्हणतो टन, काटा म्हणतो दीड." अक्कलकोटकडचा एक पोरगा: "हात धुवायला पाणी. डिझेलचे हात घेऊन भाकरी खातो आम्ही." एकानं मागची दोरी बांधायच्या कड्या दाखवल्या, कड्या कुठल्या, पत्र्याच्या कडाच त्या. तळहातावर आडव्या जुन्या खुणा होत्या.

मोठा स्क्रीन, भारी म्युझिक सिस्टिम, यातलं काही कुणी मागितलं नाही. गाणी फोनवर वाजतात.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ सगळे मालकाच्या गाडीवर होते. "मालकाला सांगितलं का कधी?" यावर एकजण नुसता हसला आणि म्हणाला, "काय बे, नोकरी नको झालीय व्हय?"

१२ एप्रिल

अण्णा आले. लग्नाचे लाडू आणले. त्यांना यादी वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कशाला ओ एवढं." मग दहा मिनिटांनी परत आले, "ती पायरी लिवलीय का?" गुडघे दुखतात हे त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं.

रात्री अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ पाहिले. तिकडे पिकअप हीच घरची गाडी, त्यामुळे कंपन्यांची चढाओढ सोयींवरच चालते. रॅमनं २००९ च्या मॉडेलपासून हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यात कुलूपबंद पेट्या दिल्या. होंडा रिजलाइनमध्ये हौद्याच्या तळाखाली डिकी आहे, २००६ पासून. जीएमसीनं २०१९ मध्ये फाळकाच असा केला की तो सहा प्रकारे उघडतो, त्यातला एक प्रकार म्हणजे पायरी. पण मला सगळ्यात आवडलं ते शेवरोले सिल्व्हराडोचं २०१४ चं काम: मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत पाऊल मावेल एवढी खोबण. बस्स. हलणारा एकही भाग नाही, म्हणजे बिघडणाराही नाही.

फोर्ड एफ-१५० ला २०२१ पासून वजनाची सोय मिळते. हौद्यात माल भरत गेलात की मागच्या दिव्यातले एलईडी एकेक करून पेटत जातात आणि भार किती झाला ते दाखवतात. मार्केट यार्डातला तो माणूस डोळ्यांसमोर आला.

१५ एप्रिल

काम सुरू करण्याआधी दोन नियम स्वतःलाच घालून घेतले.

एक, चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, वेल्डिंगची कांडी लावायची नाही. तापलेल्या जागेशेजारीच चासीला पुढे चीर जाते, ही आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या गाड्यांवरून पाहिलेली गोष्ट आहे. जे काही लागेल ते असलेल्या भोकांतून बोल्टनं किंवा यू-क्लॅम्पनं.

दोन, आरसीवर लिहिलेलं काहीही बदलायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. लांबी, रुंदी, हौद्याचा आकार जसाच्या तसा. मागचे दिवे आणि लाल रिफ्लेक्टर पट्टी झाकली जाणार नाही. गाडीला आठ वर्षं होऊन गेली, त्यामुळे पासिंग आता दरवर्षी. जे बसवू ते पान्यानं अर्ध्या तासात काढता आलं पाहिजे.

१९ एप्रिल

किरकोळ कामं एका दिवसात उरकली. बाटलीसाठी पट्टीचं कडं, दाराला. फोनचा स्टँड बाजारातून. बिलांसाठी पत्र्याची चपटी पेटी, सीटमागे, कुलूप लावून. हौद्याच्या खालच्या कडेला आठ एमएमच्या सळीच्या दहा कड्या, टोकं घासून गोल केलेली. अण्णांनी प्रत्येक कडीवरून अंगठा फिरवला. एक परत घासायला लावली.

२२ एप्रिल

आजचा दिवस वाया. दोष माझाच.

एफ-१५० मध्ये गाडीतूनच घरच्यासारखी वीज मिळते, हायब्रिडला ७.२ किलोवॉटपर्यंत. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीनं वीज गेली तेव्हा लोकांनी त्या गाडीवर घरातले हीटर चालवले. हे वाचून मला जोर चढला आणि मी ३०० वॉटचा इन्व्हर्टर आणला. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचला, ग्राइंडर लावला, फट्. फ्यूज गेला.

जाणारच. ३०० भागिले १२ म्हणजे २५ अँपिअर, वर इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळं, आणि सॉकेटचा फ्यूज १५ चा. बॅटरीपासून जाड वायर, वेगळा फ्यूज असं करता आलं असतं. वायरमनला फोन लावणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "गाडीत मिक्सर लावून शेंगाची चटणी वाटायची हाय काय?"

यार्डातल्या एकानंही वीज मागितली नव्हती, हे तेव्हा आठवलं. इन्व्हर्टर परत. दुकानदारानं शंभर कापले. त्या जागी दोन तोंडांचा यूएसबी चार्जर, दोनशेचा.

२६ एप्रिल

हौद्यात दिवे. कॅबिनच्या मागच्या जाळीला १० वॉटच्या दोन एलईडी पट्ट्या, खाली तोंड करून, म्हणजे मागच्या गाडीच्या डोळ्यांवर येत नाहीत. बटण मागच्या डाव्या कोपऱ्यात, कारण माल मोजणारा तिथे उभा असतो, स्टिअरिंगवर नसतो. वेगळा फ्यूज. रात्री शेडबाहेर लावून पाहिले. गोणीवरचं मार्किंग स्वच्छ वाचता येतं.

३० एप्रिल

पहाटे पाचला अण्णांचा फोन. भाडं घेऊन यार्डात गेलेली गाडी सुरू होईना. दिवे रात्रभर चालू राहिले होते. २० वॉट म्हणजे पावणेदोन अँपिअर, नऊ तासांत पंधरा-सोळा अँपिअर-तास. नव्या बॅटरीनं हे झेललं असतं, आमची चार वर्षांची. हमालांनी ढकलून गाडी सुरू केली, त्यांचा चहा-नाश्ता माझ्या नावावर.

अण्णा लाजले होते. खरं तर चूक बटणाची. मागे लावलेलं बटण कॅबिनमध्ये बसलेल्या माणसाला दिसत नाही. टायमर रिले टाकला: बटण दाबलं की पंधरा मिनिटं, मग आपोआप बंद. अजून लागलं तर अजून दाबा.

४ आणि ५ मे

उकाडा. अप्पांनी पेपरातली बातमी पुढे केली, "ट्रकला एसी सक्तीचा झालाय, मग आपल्याला कंपनी फुकट बसवून देणार का?" नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या कॅबिनला एसीची सक्ती आहे, पण ती एन-२ आणि एन-३ वर्गाला, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांच्या वर जाणाऱ्या गाड्यांना. आमची त्याखाली. यार्डात उभ्या असलेल्या जवळपास सगळ्याच त्याखाली. ऊन मात्र वर्ग बघून पडत नाही.

दुपारी दोनला छताच्या आतल्या अस्तरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: ६१ अंश. पुठ्ठ्याचं अस्तर काढलं, आत पोकळी, तीत काहीच नाही. दहा एमएमचा काळा नायट्राइल फोम, एका अंगाला चंदेरी फॉइल, तो चिकटवला. गिअरच्या उंचवट्यावर मॅटखालीही तोच. अस्तर परत लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अस्तरावर ४४. बाहेरची हवा ४२ होती, म्हणजे याहून खाली पंख्यानंसुद्धा येणार नाही. एक छोटा १२ व्होल्टचा पंखा लावला, तो गरम हवाच फिरवतो, पण पाठीचा घाम वाळतो.

अण्णा: "डोक्यावरचा तवा गेला."

९ मे

पाणी. चार इंची पीव्हीसी पाईप, चार फूट लांब, दोन्ही टोकांना टोपण, हौद्याखाली उजव्या अंगाला दोन क्लॅम्पवर. दहा लिटर मावतात. एका टोकाला तोटी, वर भरायचं तोंड, आणि त्याच्या टोपणाला हवेचं बारीक भोक. भोक पाडायला मी विसरलो होतो, त्यामुळे तोटी सोडली की दोन घोट पाणी येऊन थांबायचं.

दुपारी पाणी चहाइतकं गरम. प्यायला नाहीच, हात धुवायला आहे. शेजारच्या टॉवेल कारखान्याचा ड्रायव्हर आमच्या शेडसमोर गाडी लावतो, तो शुक्रवारी याच तोटीवर नमाजाआधीचं वुजू करून गेला आणि जाताना विचारलं, "किती पडले पायपाचे?"

१३ ते २० मे

पायरी. आठवडा गेला, तो अर्धा माझ्या हट्टापायी.

आधी घडीची पायरी केली, चेकर प्लेटची, मागच्या डाव्या कोपऱ्याखाली, बिजागरीवर खाली पडणारी. दिसायला झकास. अण्णा दोनदा चढले-उतरले, खूश. तिसऱ्या दिवशी होटगी रोडवरच्या गतिरोधकावर भरलेली गाडी आदळली आणि पायरी घासून उलटी वळली. मी मोजमाप रिकाम्या गाडीचं घेतलं होतं. भरल्यावर मागचा भाग चांगला चार-पाच सेंटिमीटर बसतो, आणि मागच्या चाकामागे जे काही लटकतं ते उतारावर आणखी खाली जातं. बिजागरीतही माती जाऊन ती घट्ट होऊ लागली होती.

मग ती सिल्व्हराडोची खोबण आठवली. आमच्या गाडीला तसा बंपरच नाही, मागे नुसती पाईपची आडवी गार्ड आहे. गार्ड आणि हौद्याच्या तळपट्टीच्या मध्ये, कोपऱ्यात, पत्र्याचा एक कप्पा बसवला, पाऊल आडवं जाईल एवढा. बाहेर एक सेंटिमीटरही येत नाही. वर हौद्याच्या खांबाला पकडायला पाईपचा दांडा. दांड्याशिवाय पायरीला अर्थ नाही, हे अण्णांना चढताना पाहून कळलं: आधी हात जातो, मग पाय.

पन्नास किलोची गोणी खांद्यावर घेतलेल्या हमालाला चढायला लावलं. कप्पा हलला नाही. हमाल म्हणाला, उजवीकडं पण लावा.

२५ मे ते २ जून

वजनाची पट्टी. या कामाची मी महिनाभर वाट पाहत होतो.

दिव्यातले एलईडी वगैरे आपल्या हातचं नाही, पण मूळ गोष्ट साधी आहे. माल चढतो तसे पाटे, म्हणजे एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, दबतात आणि चासी एक्सलजवळ येते. हे अंतर मोजलं की वजन कळतं. जुने ड्रायव्हर तेच करतात, नजरेनं: "पाटे सरळ झाले, आता बास."

पहिल्यांदा एक्सलजवळच पट्टी लावली. वाचायला चाकाशेजारी उकिडवं बसावं लागे. अण्णांच्या गुडघ्यांना ते जमेना. मग सायकलच्या दुकानातून ब्रेकची केबल आणली. केबलचं बाहेरचं आवरण चासीच्या भोकात अडकवलं, आतल्या तारेचं टोक एक्सलवरच्या क्लॅम्पला. दुसरं टोक वर हौद्याच्या बाजूला, पारदर्शक नळीत, तिथे लाल मणी आणि तार ताणून धरायला एक स्प्रिंग. एक्सल जेवढा वर येतो तेवढा मणी सरकतो. ऐंशी रुपयांची केबल, मणी मुलीच्या डब्यातला.

मग वजनकाट्यावर गेलो, सिमेंटची पोती घेऊन. आमच्या गाडीचं पासिंग १,२५० किलो मालाचं. रिकामी गाडी, शून्य. ४०० ला मणी १९ मिलिमीटर. ८०० ला ३७. १,२५० ला ५२. पहिल्या चारशेला १९, पुढच्या चारशेला १८, आणि शेवटच्या साडेचारशेला फक्त १५. खालचा जाड मदतीचा पाटा तिथे कामाला लागतो, त्यामुळे गाडी दबायची कमी होते. म्हणजे नजरेचा अंदाज नेमका जिथे हवा तिथेच फसतो: शेवटची दहा पोती टाकली तरी गाडी "तेवढीच" दिसते.

दुसरी भानगड: भरल्याभरल्या मणी कमी दाखवतो. पाटे एकमेकांवर घासून अडकून राहतात. गाडी वीस-तीस फूट पुढेमागे केली की दोन-तीन मिलिमीटर आणखी बसते, मग खरा आकडा. पट्टीवर तसं रंगानंच लिहिलं: "हलवून बघा."

तीन वेळा काटा केला. पन्नास किलोच्या आत-बाहेर येतं. व्यवहाराला हे चालणार नाही, पण दंड टाळायला पुरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० आहेत, आणि कलम आधी गाडी चालवणाऱ्याचं नाव घेतं, नंतर चालवू देणाऱ्याचं.

७ जून

पहिला मोठा पाऊस. हौद्यातले दिवे लुकलुकायला लागले. तळाखालच्या जोडावर टेप गुंडाळून मी मोकळा झालो होतो, त्यात पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं. जोड कापला, डाक दिला, गरम करून आवळणारी स्लीव्ह घातली, आणि जोडाच्या आधी वायरला खाली झोळ दिला म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. हे आधीच करायला हवं होतं. घरच्या फिटिंगला मी असं कधी केलं नसतं.

१४ जून

यार्डात मीही अण्णांबरोबर गेलो. चोवीस पिशव्या चढल्या. अण्णांनी गाडी थोडी पुढेमागे केली, उतरले, मणी पाहिला. ५० वर. व्यापारी म्हणाला, "टाका की अजून सहा. रोज नेता."

"पट्टी बगा."

"तुझी पट्टी काय सरकारी हाय काय?"

"सरकारी काटा पुढं हाय," अण्णा म्हणाले, "तिथं मी असतो. तुम्ही नसता."

सहा पिशव्या खालीच राहिल्या. त्या फेरीचं भाडं तेवढं कमी आलं. अप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी गेल्या वर्षीची पाटे बदलल्याची पावती शोधून काढली, चष्मा लावून वाचली आणि परत ठेवून दिली.

२१ जून

झोपायची सोय राहिली होती. कॅबिनमध्ये सीटपुढच्या खड्ड्यावर टाकायला प्लायची फळी केली, वर फोम. अण्णा झोपून बघायला गेले, पाय दाराबाहेर. कॅबिनची रुंदीच तेवढी, तिथे फोम तरी काय करणार. फळी रद्द.

"मी हौद्यातच झोपतो ओ," अण्णा म्हणाले. "ताडपत्री खाली, चादर अंगावर. डास सोडले तर झक्कास." मग जाळीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दोन आणि मागच्या खांबांना दोन, अशा चार कड्या लावल्या, मच्छरदाणीसाठी. साठ रुपये. अख्ख्या कामातलं सगळ्यात स्वस्त, आणि अण्णांनी आपणहून दुसऱ्यांना बोलावून दाखवलं ते एवढंच.

एकूण खर्च ५,६४०. अप्पांनी वरच्या सहाशेचालीसबद्दल विचारलं नाही.

२८ जून

टॉवेल कारखान्याचा ड्रायव्हर सकाळी शेडमध्ये आला. मालकाकडून पाण्याचा पाईप आणि पायरी मंजूर करून आणली होती, कागदावर सही घेऊन. मोजमाप घेऊन झालं तरी घुटमळत होता.

"आणि ती मण्याची पट्टी," तो हळूच म्हणाला. "तिचे पैसे मी देतो. पण बाहेर नको. सीटखाली लावता येती का? मला दिसली पाहिजे. मालकाला नाही."

येईल. केबल सव्वादोन मीटर लागेल, मध्ये दोन वळणं, म्हणजे घर्षण वाढणार, स्प्रिंग कडक घ्यावी लागेल. सोमवारी सायकलवाल्याकडे.